काकूंकडे कुणी पहिल्यांदा चालत नाही

काकूंच्या घरात आजवर एकही मूल पहिल्यांदा चाललेलं नाही.

आता काकू गेली कित्येक वर्षं वसाहतीतली तान्ही पोरं सांभाळतात. रांगत आलेली पोरं त्यांच्या हॉलमधून धावत बाहेर पडतात ती थेट शाळेत. म्हणजे मधे कधीतरी ती चालायला लागतच असणार. पण ते पहिलं पाऊल काही काकूंच्या फरशीवर पडत नाही. ते पडतं शनिवारी-रविवारी, ज्याच्या त्याच्या घरी, आईबापांच्या डोळ्यांदेखत. मग सोमवारी सकाळी आईबाप मोबाइल नाचवत दारात उभे. "काकू, चालला! चालला आमचा!" काकू दोन्ही गालांवर हात ठेवतात. "काय सांगता!"

आत स्वयंपाकघरात काका कप खाली ठेवून भिंतीकडे बघत हसतात. कारण तो 'आमचा' गेल्या मंगळवारपासून काकांची चप्पल पळवत घरभर हिंडत असतो.

"नाटक कंपनीत जायची तू," काका नंतर म्हणतात. "इथं उगाच लंगोट बदलत बसलीस."

"तुम्ही तिकीट काढून आलात का? मग गप्प बसा," काकू म्हणतात.

ही वसाहतच अशी आहे की इथं काकूंसारखं माणूस लागतं. शहर इथून इतकं लांब की बसमध्ये एक झोप सहज पुरी होते, आणि लोक ती मनापासून काढतात. दिवस उजाडायच्या आत घरोघरी गीझर लागतात, जिन्यात बुटांचे आवाज होतात, गेटाशी रांग लागते आणि एकामागून एक बसेस भरून निघतात. बस कुणासाठी थांबत नाही. कुणी थांबवायला सांगतही नाही, कारण मागं राहिलेला माणूस उद्या आपणही असू शकतो हे ज्याला त्याला पक्कं ठाऊक असतं. शेवटची बस गेली की वसाहत घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखी स्वच्छ आणि रिकामी. उरतात ते गेटावरचा वॉचमन, इस्त्रीवाला, चार-दोन पेन्शनर आणि काकूंच्या घरातला गोंधळ. ज्या बाल्कन्यांवर भाळून लोकांनी इथं घरं घेतली, त्या बाल्कन्या दिवसभर कबुतरं वापरतात. दमट हवेनं कपाटातल्या कातडी पट्ट्यांना बुरशी धरते, बोगनवेल कुणी न बघता फुलून फुलून गळते, आणि दुपारी आपल्या स्वतःच्या खिडकीतून काय दिसतं हे इथल्या निम्म्या लोकांना सांगता यायचं नाही. संध्याकाळी बसेस परत येतात, दिवे लागतात, भाज्या चिरल्या जातात, पोरं झोपलेल्या अवस्थेत कडेवरून घरी जातात. उद्या पुन्हा तेच. यात कुणी रडत-कढत नाही बरं का. लोक आनंदात आहेत. फक्त दिवस त्यांच्या वाट्याला येत नाही, एवढंच.

काकू मात्र दिवसाच्या मालकीण. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून पोराला दटावलं तरी खाली वॉचमन खुर्चीत सावरून बसतो. आईबापांनाही त्या सोडत नाहीत. "ह्याला मोजे कशाला? इथं बर्फ पडतोय का?" "औषध चमच्यानं द्यायचं असतं, समजूत घालून नाही." साहेबलोक खाली मान घालून ऐकून घेतात आणि बस गाठतात. काकूंना आपल्या कामाबद्दल तिळमात्र शंका नाही. मूल एकदा हातात घेतलं की ते कधी झोपेल, कधी रडेल आणि कधी उभं राहील हे त्यांना कळतं, आणि कळतं हेही त्यांना कळतं.

एकेकाळी त्याही ह्याच रांगेत उभ्या असायच्या. शहरातल्या एका छापखान्यात पुस्तकांच्या बांधणीवर होत्या. हाताला खळीचा वास, आणि मुलगा शेजारणीकडे. एका संध्याकाळी त्या जिना चढत असताना वरून शेजारीण आनंदानं ओरडली, "अहो, चालला तुमचा मुलगा! अख्ख्या जिन्यानं बघितलं! इस्त्रीवाल्यानं तर टाळ्या वाजवल्या!" काकू तोंडभर हसल्या. शेजारणीचे हात हातात घेतले. घरी आल्या आणि भात लावायचा विसरल्या. मुलगा आता लांबच्या शहरात आहे, त्याला स्वतःची पोरं आहेत. पण इस्त्रीवाल्यानं बघितलं आणि आपण नाही, हे काकूंच्या मनातून कधी गेलं नाही. शेजारीण बिचारी भलीच होती. तिला फक्त तोंड बंद ठेवता आलं नाही.

म्हणून काकूंनी तोंड बंद ठेवलं. त्यांची पद्धत ठरलेली. पोर आधार सोडून चालायला लागलं की शुक्रवारी त्या सहज म्हणतात, "उद्या-परवा जरा लक्ष ठेवा हं. लक्षणं दिसतायत." बस्स. घरी त्या दोन दिवसांत आईबाप डोळ्यांत तेल घालून बसतात आणि पोर त्यांना निराश करत नाही. घरात फोटो काढायला काकांना मनाई. एकदा एका बोलक्या पोरीनं भर दारात सांगून टाकलं होतं, "तो तर इथं रोज चालतो!" काकूंनी डोळ्याची पापणी न लववता तिच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही. स्वप्न पडलं असेल." त्या दिवशी काका हसले नाहीत. "पोरीला खोटं पाडलंस," एवढंच म्हणाले. काकूंनी ते कानाआड केलं.

इतकी वर्षं हे असं बिनबोभाट चाललं. आणि मग ठकी आली.

ठकी म्हणजे विमा कंपनीतल्या बाईची मुलगी. गोल, गंभीर आणि हट्टी. तिचे वडील पुलांच्या बांधकामावर, आठवडाभर साइटवर असतात, शनिवारी रात्री येतात. आई रोज सकाळी बुटांची नाडी बांधायचीही विसरून ठकीला काकूंच्या हातात देते आणि धावते. वसाहतीत तिला सगळे 'विमावाली' म्हणतात, ती स्वतःही फोनवर तसंच सांगते. कामात वाघीण. तिला शाखाप्रमुख करणार अशी बातमी गेटापर्यंत पोचली होती.

ठकी बाकीच्यांसारखीच एका सकाळी उठली आणि चालली. सोफ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत, तोंडात चोखणी, चेहऱ्यावर कामाला निघाल्याचा भाव. काकूंनी शुक्रवारी नेहमीचं वाक्य टाकलं. सोमवारी विमावाली आली, ठकीला दिलं आणि पळाली. काहीच बोलली नाही. काकूंना नवल वाटलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच वाक्य, जरा दाबून. सोमवारी पुन्हा गप्प. तिसऱ्या खेपेला काकूंनी "लक्षणं दिसतायत" म्हटल्यावर विमावालीनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की काकूंना वाटलं, हिची तब्येत बरी नाही वाटतं.

इकडे ठकी दिवसभर चालत होती. ती आता वळत होती, वाकून चेंडू उचलत होती, दुसऱ्या पोरांना ढकलून पुढं जात होती. संध्याकाळी आई आली की मात्र दोन्ही हात वर. आई उचलायची, ठकी मान टाकायची, दोघी घरी.

असा महिना उलटून गेला. मग एका संध्याकाळी, बाकीची पोरं गेल्यावर, विमावाली दारातच थांबली. ठकी खांद्यावर झोपलेली.

"काकू, पुढच्या महिन्यापासून ठकी यायची नाही."

"का गं? बदली?"

"नोकरी सोडतेय. उद्या साहेबांना सांगणार." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती, ऑफिसात बोलत असेल तशी. "ठकी अजून चालत नाही. तिच्या बरोबरीची सगळी चालली. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात. सासूबाई म्हणतात, आई दिवसभर घरात नसली की असंच होणार, मुलाला चालायची उमेद कुणासाठी यावी? तुम्ही दर शुक्रवारी म्हणता ना, लक्ष ठेवा म्हणून? मी रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत लक्षच ठेवून असते हो. काही होत नाही." मग ती जराशी हसली. "तुम्ही धीर द्यायला म्हणता, ते कळतं मला."

काकू दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. विमावाली जिना उतरून गेली.

काकांनी सगळं ऐकलं होतं. काकू खेळणी टोपलीत टाकत होत्या, जरा जोरातच.

"सांगून टाक," काका म्हणाले.

"सांगून टाक! एवढं सोपं आहे? हिला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. ह्या वसाहतीत प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक पहिलं पाऊल आहे. लोक पाहुण्यांना दाखवतात. ते सगळं शिळं होईल. आणि मग माझ्याकडे पोर सोडून जाईल कोण? म्हणतील, ही बाई आणखी काय काय लपवत असेल."

"बरोबर आहे तुझं."

"मग?"

"मग काही नाही. त्या पोरीच्या अंगात नसलेला रोग शोधायला सुया टोचतील, आईची नोकरी जाईल, आणि व्हिडिओ ताजे राहतील."

काकूंनी टोपली आपटली. काकांचा त्यांना भयंकर राग आला, कारण ते बोलले त्यात खोट काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमावाली जिना चढून आली तेव्हा काकू दारात वाटच बघत होत्या. त्यांनी ठकीला हातात घेतलं नाही.

"ठकी चालते," काकू म्हणाल्या.

"काय?"

"चालते. महिन्यापेक्षा जास्त दिवस झाले. माझ्या घरात चालते. मी तुला सांगितलं नाही."

खाली बसनं हॉर्न दिला. विमावालीनं अर्धं अंग वळवलं, पुन्हा काकूंकडे बघितलं. बस निघाल्याचा आवाज आला. वसाहतीत बस चुकलेलं माणूस फार क्वचित बघायला मिळतं, आणि ते ह्या वेळी काकूंच्या उंबऱ्यावर उभं होतं.

"आत ये," काकू म्हणाल्या. "बघ स्वतः."

विमावाली आत येऊन पोरांच्या छोट्या स्टुलावर बसली, गुडघे हनुवटीशी आले. काकूंनी ठकीला फरशीवर उभं केलं. ठकीनं आईकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, बुडावर बसली आणि दोन्ही हात वर केले. आईनं उचललं. काकूंनी पुन्हा उभी केली. पुन्हा हात वर, पुन्हा आईनं उचललं. चेंडू झाला, काकांची चप्पल झाली, केळं झालं. ठकी मांडीवरून हलेना. आई ऑफिसचे कपडे घालून ह्या वेळी घरात, हे भाग्य सोडायला ती काही वेडी नव्हती.

बराच वेळ असा गेला. मग विमावाली हळूच म्हणाली, "काकू, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही..."

"अगं, खरंच चालते!"

"हो, हो." समजूत घातल्यासारखी. काकूंना आता रडू यायचं बाकी होतं. जन्मभर खोटं बोलल्या तेव्हा साऱ्या वसाहतीनं विश्वास ठेवला, आणि एकदा खरं बोलल्या तर समोरची बाई त्यांना धीर देत होती.

"रविवारी तू हिला खाली कधी ठेवतेस?" काकूंनी एकदम विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कडेवरून खाली. फरशीवर."

विमावाली विचारात पडली. "रविवारी... शनिवारीही मला ऑफिस असतं, सहा दिवस ती मला मिळतच नाही हो काकू. घरी नेते तेव्हा झोपलेली असते. मग रविवारी मी तिला घेऊनच असते. भाजी चिरताना पण एका हातानं..." तिचं वाक्य तिथंच थांबलं. आपल्या मांडीकडे, तिथं बसलेल्या ठकीकडे, तिनं नव्यानंच बघितल्यासारखं बघितलं.

काकूंच्याही आता लक्षात आलं. दर शुक्रवारी त्या सांगत होत्या, लक्ष ठेव. खाली ठेव म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं. बाकीच्या घरांत सांगायची वेळ आली नव्हती, आणि काकूंना वाटलं होतं आपल्याला सगळं कळतं.

"स्वयंपाकघरात जा," त्या म्हणाल्या. "दाराआड उभी राहा. काय वाट्टेल ते झालं तरी बाहेर यायचं नाही."

आई दिसेनाशी झाल्यावर ठकीनं थोडं रडून बघितलं. कुणी दाद देईना तेव्हा तिनं नाक पुसलं, सोफ्याचा आधार घेऊन उठली आणि चालायला लागली. अडखळली नाही की डुलली नाही. बाल्कनीपर्यंत गेली, तिथून काकांची चप्पल उचलली, ती छातीशी धरून वळली, वाटेतल्या पोराला कोपरानं बाजूला केलं आणि काकूंच्या पुढ्यात येऊन चप्पल त्यांच्या मांडीत टाकली. पुन्हा निघाली दुसरी आणायला.

काकूंनी वळून बघितलं तर विमावाली दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते आनंदाचं आहे असं काकूंना क्षणभर वाटलं. तसं ते नव्हतं.

"ही तर मुरलेली आहे," ती म्हणाली. "ही शिकून मोकळी झाली. हिला शिकताना मी बघितलंच नाही." मग तिचा आवाज चढला. "तुम्हाला हा अधिकार कुणी दिला, काकू? मी महिनाभर झोपले नाही. हिचे पाय चोळत बसत होते. इंटरनेटवर काय काय वाचलं, तुम्हाला कल्पना नाही. आणि तुम्ही रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघत होता!"

"चुकलं माझं," काकू म्हणाल्या.

"सगळ्यांशी असंच करता? तो खालच्या मजल्यावरचा? त्याची आई मला व्हिडिओ दाखवून रडली होती."

"सगळ्यांशी." काकू तिच्यासमोर सरळ उभ्या राहिल्या. "माझा मुलगा चालला तेव्हा मी छापखान्यात होते. जिन्यातल्या सगळ्यांनी बघितलं, आणि मला ओरडून सांगितलं. मला ते फार लागलं गं. म्हणून मी ठरवलं की माझ्या दारात कुणाला ते लागायला नको. तुला मात्र त्याच्याहून जास्त लागलं, ते माझ्यामुळे. आता तुला वाटेल ते कर. जाऊन गेटावर सांगितलंस तरी मी नाही म्हणणार नाही."

विमावालीनं ओट्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. खिडकीतून खालचा रिकामा रस्ता दिसत होता, भर उन्हातला.

"इथून पुढं मला सगळं सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "पडली तर पडली, बोलली तर बोलली. त्याच दिवशी. फोन करायचा, मी मीटिंगमध्ये असले तरी."

"करीन."

"पाठवा तिला माझ्याकडे."

ती हॉलच्या टोकाला जाऊन गुडघ्यांवर बसली. काकूंनी ठकीला वळवून तिच्या दिशेनं सोडलं. ठकी चार पावलं गेली आणि सवयीनं हात वर केले. विमावालीचे हात उठले, आणि तिनं ते पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले. ठकी थांबली. ओठ काढला. तरी आई उचलेना म्हटल्यावर तिला संताप आला, आणि त्या संतापातच ती उरलेली खोली चालून आली आणि आईच्या अंगावर आदळली.

विमावाली मोठ्यांदा हसली. काकाही हसले. काकूंनी पदर नव्हता म्हणून रुमालानं डोळे टिपले आणि पोरांवर खेकसल्या, "काय बघताय? दूध प्या!"

दुपारच्या बसची वेळ होत आली तशी विमावाली उठली. ठकीला तिनं उचलून नाही, चालवत दारापर्यंत आणलं.

"साहेबांना काय सांगणार?" काकूंनी विचारलं. भीती आवाजात येऊ नये म्हणून त्या नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलल्या.

"बस चुकली म्हणून सांगेन. दुसरं काय सांगायचंय?" तिनं पर्स खांद्याला लावली. "तपासण्या रद्द करायचा फोन मात्र आत्ताच करते."

दोन पायऱ्या उतरून ती थांबली. वर बघितलं.

"काकू, तिचा बाबा शनिवारी रात्री येतो. त्याला सांगू नका हं. रविवारी त्याला पहिल्यांदा बघू दे."

"आणि तू?" काकूंनी विचारलं.

"मी पण तेव्हाच पहिल्यांदा बघणार आहे," ती म्हणाली आणि बस पकडायला पळाली.